फॉर्म आपला, पासवर्ड कोणाचा? विद्यापीठाची संगणक यंत्रणा आणि आपली मुले

शिरूर तालुक्यातील इनामगावची एखादी मुलगी बारावीनंतर शिरूरच्या किंवा दौंडच्या महाविद्यालयात प्रवेश घेते, तेव्हा ती विद्यापीठाची इमारत पाहतही नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि ते पुण्यात गणेशखिंडीत आहे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. त्यामुळे गावाकडच्या विद्यार्थ्यासाठी विद्यापीठ म्हणजे मोबाइलचा किंवा सायबर कॅफेचा पडदा. प्रवेश, परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, शिष्यवृत्ती, पदवी या सगळ्यांची वाट त्या पडद्यातूनच जाते.

आता या वाटेवर आपल्या घरांत नेहमी काय घडते ते पाहा. मुलगी वडिलांबरोबर कॅफेत जाते. आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक असे सगळे कागद ती टेबलावर ठेवते. समोरचा माणूस विचारतो, "ईमेल आहे का?" ती नाही म्हणते. "मग माझाच टाकतो. पासवर्डही मीच ठेवतो, तुला लक्षात राहणार नाही." पन्नास-शंभर रुपयांत काम होते. घरी सगळे समाधानाने परततात.

पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाचे नूतनीकरण करायची वेळ येते. ओटीपी कॅफेवाल्याच्या जुन्या नंबरवर जातो आणि तो नंबर बंद झालेला असतो. पासवर्ड वहीत सापडत नाही. मुदत संपते. महाविद्यालय फी मागते. मग घरात चर्चा सुरू होते ती शिक्षण सोडण्याची. या मुलीच्या हुशारीत काही कमी नव्हते. तिच्या नावाचे खाते तिच्या ताब्यात नव्हते, एवढेच.

म्हणून विद्यापीठाची आयटी सेवा आणि तिची सुरक्षा हा विषय फक्त संगणक शाखेच्या मुलांचा नाही. ज्यांची पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोहोचते आहे, त्यांचा तो आधी आहे.

परिसरातील यंत्रणा नेमकी कशी असते?

कोणत्याही विद्यापीठाच्या आयटी यंत्रणेचे साधारण चार थर असतात.

पहिला थर जोडणीचा. बाहेरून फायबरची जाड लाइन परिसरात येते. देशातील उच्च शिक्षण आणि संशोधन संस्था एकमेकींना वेगवान लाइनने जोडाव्यात म्हणून २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळे, म्हणजे एनकेएन, मंजूर झाले. ही लाइन परिसरात आली की ती विभाग, ग्रंथालय, वसतिगृहे आणि वायफायमध्ये वाटली जाते. वाटेत फायरवॉल असते. आत काय येऊ द्यायचे आणि बाहेर काय जाऊ द्यायचे, हे ती ठरवते.

दुसरा थर ओळखीचा. समोर बसलेली व्यक्ती खरोखर तीच विद्यार्थिनी आहे का, हे यंत्रणा युजरनेम, पासवर्ड आणि ओटीपी यांवरून ठरवते. यंत्रणेला चेहरा दिसत नाही. पासवर्ड ज्याच्याकडे, तोच तिच्या लेखी विद्यार्थी. आपल्या गोष्टीत कॅफेवाला 'विद्यार्थी' झाला तो इथेच.

तिसरा थर कामाच्या प्रणालींचा. प्रवेश, फी, परीक्षा, गुण आणि निकाल यांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर या थरात येतात. यातला बराच भाग अनेक संस्था बाहेरच्या कंपन्यांकडून कंत्राटाने करून घेतात.

चौथा थर साठवणुकीचा. सर्व्हर आणि त्यांच्या बॅकअप प्रती यात येतात. बॅकअप वेगळ्या ठिकाणी, जाळ्यापासून तोडून ठेवलेला असावा लागतो. तसे नसेल तर हल्लेखोर मूळ माहिती आणि तिची प्रत दोन्ही एकाच वेळी कुलूपबंद करतो.

या चार थरांवर आता राष्ट्रीय पातळीवरच्या सेवाही आल्या आहेत. २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट तिथे १२ अंकी अपार क्रमांकावर जमा होतात. डिजिलॉकरमध्ये संबंधित संस्थेने थेट दिलेली गुणपत्रिका किंवा पदवी मूळ कागदाइतकीच ग्राह्य असते. पण या दोन्हींचा पाया आधारवरचे नाव आहे. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे, असे असेल तर पुढे प्रत्येक ठिकाणी अडते. आडनावाचे स्पेलिंग अकरावीतच तपासून दुरुस्त करून घ्या.

फारसे कोणी सांगत नाही अशी एक चांगली सेवाही आहे. इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेच्या एन-लिस्ट योजनेतून सहभागी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना हजारो ई-पुस्तके आणि नियतकालिके घरबसल्या वाचता येतात. लॉगिन महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मिळते. महाग पुस्तके विकत घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी ग्रंथपालांकडे हे लॉगिन आग्रहाने मागावे.

पुण्याला हे नवे नाही

पुणे विद्यापीठाच्या परिसराचे आणि संगणकाचे नाते जुने आहे. अमेरिकेने महासंगणक द्यायला अडवणूक केल्यावर भारताने १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था उभी केली. तिचे काम याच परिसरात वाढले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. संगणकावर देवनागरी सहज लिहिता यावी, या कामातही सी-डॅकचा मोठा वाटा आहे. आयुका ही खगोलशास्त्राची संस्थाही याच परिसरात आहे. म्हणजे ज्ञान, यंत्रे आणि माणसे पुण्यात कमी नाहीत. प्रश्न आहे तो गणेशखिंडीतले हे सामर्थ्य घोड नदीच्या काठापर्यंत पोहोचते का, हा.

यंत्रणा कोसळते तेव्हा

तीन घटना लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासण्याची पद्धत सर्व शाखांसाठी एकदम सुरू केली. पुरेशी तयारी आणि प्रशिक्षण नव्हते. निकाल महिनोन्महिने लांबले. मुलांचे पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या अडकल्या. राज्यपालांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. इथे कोणी हल्ला केला नव्हता. घाईने लादलेले तंत्रज्ञानही विद्यार्थ्याचे तेवढेच नुकसान करते.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. बँकेचे मुख्यालय विद्यापीठाकडे जाणाऱ्या गणेशखिंड रस्त्यावरच आहे. हल्लेखोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेतच शिरकाव केला आणि २८ देशांतील एटीएममधून व नंतर आंतरराष्ट्रीय हस्तांतरणातून मिळून सुमारे ९४ कोटी रुपये काढले. शंभर वर्षे जुन्या बँकेची ही गत होऊ शकते, तर महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका संगणकाची काय कथा!

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. माहिती कुलूपबंद झाली आणि कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कागदावर कराव्या लागल्या. एम्स ही वैद्यकीय शिक्षणाचीही संस्था आहे. असा हल्ला परीक्षेच्या तोंडावर एखाद्या विद्यापीठावर झाला तर काय होईल, याचा विचार प्रत्येक परीक्षा विभागाने करायला हवा.

आपल्या माहितीत जात लिहिलेली असते

सर्वसाधारण विद्यार्थ्याची माहिती फुटली तर त्याला पैशांचा धोका असतो. आपल्या विद्यार्थ्याची माहिती फुटली तर त्यात आणखी एक धोका असतो.

१९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना घटनात्मक सवलती मिळाल्या. त्या सवलतींसाठी दाखला लागतो, आणि दाखल्यावर जात असते. हा दाखला स्कॅन होऊन कॅफेच्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो, कार्यालयातील पेनड्राइव्हमध्ये जातो. काही ठिकाणी शिष्यवृत्तीच्या याद्या नाव, प्रवर्ग आणि मोबाइल नंबरासह पीडीएफ करून संकेतस्थळावर किंवा वर्गाच्या ग्रुपवर टाकल्या जातात. ज्या मुलाने वर्गात कधी जात सांगितली नाही, त्याची जात एका रात्रीत सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचते. मग वसतिगृहातले टोमणे, 'फ्री सीट' असले शब्द, भाड्याची खोली नाकारणे हे सगळे सुरू होते.

यादी लावायची तर अर्ज क्रमांक लिहून काम भागते. नाव, जात आणि फोन एकत्र जाहीर करण्याची काहीही गरज नसते. ही मागणी प्रत्येक महाविद्यालयात लेखी दिली पाहिजे.

सापळे कोणते?

पहिला सापळा खोट्या संदेशाचा. "तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, खालील लिंकवर बँक तपशील भरा," किंवा "विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप," असे संदेश प्रवेशाच्या हंगामात फिरतात. लिंक उघडली की महाडीबीटीसारखेच दिसणारे पान समोर येते. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता साधारणपणे 'डॉट गव्ह डॉट इन'ने संपतो. शंका आली तर लिंक उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

दुसरा सापळा जास्त भयंकर आहे आणि तो आपल्या वस्त्यांमध्ये शिरतो आहे. ओळखीचा कोणी म्हणतो, "तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो." त्या खात्यातून सायबर फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. याला म्युल खाते म्हणतात. पोलिस माग काढतात तेव्हा पहिले नाव खातेदाराचे निघते. खाते गोठवले जाते, त्यातच शिष्यवृत्ती येणार असेल तर तीही अडकते, आणि विद्यार्थी गुन्ह्यात आरोपी होतो. खाते, एटीएम कार्ड आणि सिम कोणालाही भाड्याने द्यायचे नाही, ही गोष्ट प्रत्येक वस्तीत मोठ्याने सांगितली पाहिजे.

तिसरा सापळा ईमेलमधून येणाऱ्या फाइलचा, आणि कार्यकर्त्यांनी तो विशेष समजून घ्यावा. कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यातच आहे. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर पुढे उभ्या राहिलेल्या खटल्यात रोना विल्सन यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी बचाव पक्षातर्फे अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल समोर आला. जून २०१६ मध्ये आलेल्या एका ईमेलमधील फाइल उघडल्यावर 'नेटवायर' नावाचे हेरगिरी सॉफ्टवेअर संगणकात शिरले आणि त्याच मार्गाने काही फाइली आत ठेवल्या गेल्या, असे त्या अहवालाचे म्हणणे होते. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे मान्य केलेले नाही. खरे काय ते न्यायालय ठरवेल. पण एक तांत्रिक गोष्ट वादाच्या पलीकडची आहे. ओळखीच्या पत्त्यावरून आलेली फाइलही धोक्याची असू शकते, कारण त्या ओळखीच्या माणसाचे खातेच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असू शकते. अनपेक्षित फाइल आली तर उघडण्याआधी त्या व्यक्तीला फोन करून विचारा.

कायदा आपल्या बाजूने काय देतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख फसवणुकीच्या हेतूने वापरणे हा गुन्हा आहे. कलम ६६-ड संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीबद्दल आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत संस्थेने ती कळवायची आहे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. शासकीय संस्थाही यात येतात. म्हणून तुमच्या खात्यात कोणी शिरले असे वाटले तर उशीर करू नका. सहा महिन्यांनी नोंदीच उरल्या नाहीत तर पुरावाही उरणार नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे पुट्टस्वामी खटल्यात स्पष्ट केले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सांभाळणाऱ्या संस्थेने पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. माहिती फुटली तर ज्याची माहिती आहे त्याला कळवणेही संस्थेवर बंधनकारक आहे.

तक्रारीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम आहेत. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती हवी, आणि तिच्यात किमान एक सदस्य किंवा अध्यक्ष अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास वर्गातील असायला हवा. तिथे न्याय मिळाला नाही तर लोकपालाकडे अपील करता येते. आपल्या महाविद्यालयात ही समिती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे विचारणे हा पहिला धडा.

माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर आणखी प्रश्न विचारता येतात. परीक्षा यंत्रणेचे शेवटचे सुरक्षा परीक्षण कधी झाले? शिष्यवृत्तीचे किती अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून आहेत आणि किती दिवसांपासून? विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांच्या प्रती किती काळ ठेवल्या जातात? कोणाही एका व्यक्तीची माहिती न मागताही कारभार तपासता येतो.

विहारात एक टेबल

हे सगळे वाचून तरुण विचारतील, आम्ही नेमके काय करायचे? उत्तर खर्चाचे नाही. प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या महिन्यांत दर रविवारी गावातल्या विहारात वंदनेनंतर दोन तास एक टेबल लावा. एक लॅपटॉप, मोबाइलचे इंटरनेट आणि कॉलेजात शिकणारे दोन-तीन कार्यकर्ते पुरेत. त्या टेबलावर एवढी कामे करा.

एक, प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःचा ईमेल तयार करा. मोबाइल नंबर त्याचा किंवा घरातल्या माणसाचा असावा आणि तो किमान पदवीपर्यंत चालू ठेवावा. मदत करणाऱ्या कार्यकर्त्यानेही स्वतःचा नंबर टाकू नये. पासवर्ड विद्यार्थ्याने स्वतः टाइप करावा, आपण तोंड फिरवावे.

दोन, पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहून मध्ये आकडे घातले तर तो लक्षात राहतो आणि फोडायला अवघड जातो. नाव आणि जन्मसाल हा पासवर्ड नव्हे. महाडीबीटी, ईमेल आणि विद्यापीठ यांचे पासवर्ड वेगवेगळे हवेत. ईमेलला दुहेरी पडताळणी लावा, कारण बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात.

तीन, शिष्यवृत्ती कोणत्या खात्यात येणार ते तपासा. थेट लाभाचे पैसे आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात. मध्येच दुसरे खाते उघडले आणि तिथे आधार जोडले गेले, तर पैसे तिकडे जातात आणि विद्यार्थी जुन्या पासबुकात वाट पाहत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहता येते.

चार, कॅफेत जावेच लागले तर काम झाल्यावर लॉगआउट करा. डाउनलोड फोल्डरमधील आपली कागदपत्रे पुसा, रीसायकल बिन रिकामी करा. ब्राउझरने 'पासवर्ड जतन करू का' विचारले तर नाही म्हणा.

पाच, अर्ज भरला म्हणजे काम संपले नाही. तो महाविद्यालयाच्या पातळीवर मंजूर झाला का, त्रुटी काढून परत आला का, हे दर पंधरा दिवसांनी पाहा. कितीतरी अर्ज या एका पायरीवर अडतात आणि विद्यार्थ्याला पत्ताच नसतो.

सहा, फसवणूक झाली तर लाज बाळगू नका. तत्काळ १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या तासाभरात कळवले तर पैसे वाटेतच रोखले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

बांध आणि पाट

इनामगावचे नाव जगभरच्या पुरातत्त्व अभ्यासकांना माहीत आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या संशोधकांनी १९६८ पासून पुढची पंधरा वर्षे इथे उत्खनन केले. घोड नदीकाठी तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती त्यांना सापडली. त्या लोकांनी पाणी आणण्यासाठी पाट खोदला होता आणि वस्तीच्या रक्षणासाठी बांधही घातला होता. दोन्ही कामे एका घराच्या आवाक्यातली नव्हती. सगळ्या गावाने मिळून केली म्हणूनच ती झाली.

विद्यापीठाचे जाळे आपल्यासाठी तसाच पाट आहे. ज्ञान, शिष्यवृत्ती, पदवी त्यातून आपल्या घरापर्यंत येते. तो पाट आपल्या हक्काचा आहे, पण बांध नसेल तर तेच पाणी घर वाहून नेते. तथागतांनी अप्पमादाला, म्हणजे जागरूकपणाला, सर्व कुशल गोष्टींचे मूळ मानले. आजच्या काळात त्या जागरूकपणात आपला पासवर्ड आपल्याच हातात ठेवणेही येते.

पुढच्या रविवारी विहारात जाल, तेव्हा लॅपटॉप बरोबर घेऊन जा. आणि कॅफेवाल्याच्या ईमेलवर असलेले पहिले खाते त्याच दिवशी त्या मुलीच्या नावावर करून द्या.